रंभाजी औटीचा पहिला नंबर

रंभाजी औटी हा माणूस कधी कुणाच्या मागं उभा राहिला नाही. मोठा शूरवीर होता म्हणून नव्हे; मागं उभं राहणं त्याच्या जिवाला सोसायचंच नाही. न्हाव्याकडं जायचं तर हा दुकान उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसायचा. लग्नाच्या पंगतीत पहिल्या ओळीतलं पहिलं ताट याचं. ते दुसऱ्या कुणी धरलं की 'मला भूकच न्हाई' म्हणून उठायचा आणि घरी येऊन राहीबाईला, म्हणजे बायकोला, पिठलं टाकायला लावायचा. राहीबाईनं संसारात अशी बरीच पिठली टाकली.

असा हा माणूस बेलापूरच्या अंगाला एका साखर कारखान्यात उसाच्या गाडीचा ड्रायव्हर होता. त्या भागात एकाच कालव्यावर दोन खासगी कारखाने होते. लोक त्यांना वरचा आणि खालचा म्हणायचे. दोन्ही कारखान्यांचे स्वतःचे अरुंद रूळ उसाच्या रानारानांतून फिरलेले होते, आणि त्यावरून कोळशाची लहानशी इंजिनं वीस-वीस वाघिणी ऊस ओढून आणायची. परगावच्या माणसाला ती गाडी जत्रेतली वाटायची. पण ती चालवणाऱ्यांची ऐट अशी, की विमान चालवणाऱ्यानं यांच्यापुढं खाली मान घालावी.

वरच्या कारखान्यात रंभाजीचा नंबर पहिला. नंबर पहिला म्हणजे काय ते सांगायला हवं. कुठलं इंजिन घ्यायचं, कुठली पाळी करायची, हे पहिल्या नंबरानं आधी सांगायचं आणि उरलेलं बाकीच्यांनी वाटून घ्यायचं. त्याहून मोठा मान हंगामाच्या पहिल्या दिवशी. इंजिनाला केळीचे खुंट आणि झेंडूच्या माळा बांधायच्या, पहिल्या नंबराच्या ड्रायव्हरनं पहिली गाडी आणायची, मॅनेजरनं स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधायचा, नारळ द्यायचा, आणि मग त्याच गाडीतली मोळी गव्हाणीत पडायची. बारा हंगाम हा फेटा रंभाजीच्या डोक्यावर चढला होता. राहीबाईनं त्या फेट्यांच्या गोधड्या शिवल्या, तर महाराज आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

सन बहात्तरला पावसानं दगा दिला. कालव्याचं पाणी निम्म्यावर आलं, ऊस त्याहून कमी. दोन बॉयलर पेटवण्याइतकं रानात काही राहिलं नव्हतं. मालकांनी मुंबईत बसून दोन्ही कारखान्यांची एक कंपनी केली. खालच्या कारखान्याला कुलूप लागलं, सगळा ऊस वरच्यात यायचा ठरला. मधे मैलभर नवा रूळ टाकून दोन्हीकडचे रूळ जोडले. लोखंड आठ दिवसांत जोडलं गेलं. माणसं जोडायला दोन महिने पुरले नाहीत.

वरचे ड्रायव्हर सहा, खालचे पाच. एकत्र यादी कशी करायची यावरून शेडमध्ये रोज भांडण पेटायचं. वरचे म्हणायचे, "तुमी आमच्या घरी आलाय, आमच्या मागं बसा." खालचे म्हणायचे, "आमी काय भीक मागाय आलो न्हाई. एक तुमचा, एक आमचा, अशी नावं लिवा." एकदा तर दोघंजण फावडी घेऊन समोरासमोर आले. शेवटी हापिसानं दोघांचंही न ऐकता नियम काढला: जो आधी कायम झाला तो वर. कायम व्हायची तारीख एकच असेल, तर वयानं मोठा तो वर.

झालं असं होतं, की साठ साली सरकारी निवाड्यानं सगळ्या साखर कारखान्यांतली माणसं एकाच तारखेला कायम झाली होती. त्या तारखेला वरच्या कारखान्यात कायम झालेला ड्रायव्हर एकटा रंभाजी आणि खालच्यात एकटा सहादेव पटारे. बाकीचे नंतरचे. म्हणजे पहिला कोण, हे आता या दोघांच्या वयावर आलं.

वयाचा दाखला दोघांकडंही नव्हता. कायम करताना कारखान्याच्या डॉक्टरनं माणसाकडं बघून अंदाजानं वय लिहिलं होतं. रंभाजी त्या दिवशी गुळगुळीत दाढी करून, केसांना काळं लावून, पैलवानासारखी छाती काढून उभा राहिला होता. डॉक्टर म्हणाला बेचाळीस. तेव्हा हा खूश होऊन गावभर सांगत सुटला होता. तिकडं खालच्या डॉक्टरनं सहादेवाचं पांढरं डोकं बघितलं आणि लिहिलं त्रेचाळीस.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाइम ऑफिसच्या फळ्यावर कच्ची यादी लागली. एक, सहादेव पटारे. दोन, रंभाजी औटी.

रंभाजीला वाचता येत होतं ते स्वतःच्या नावापुरतं आणि आकड्यांपुरतं. तेवढं त्या दिवशी पुरेसं झालं. त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बारा वर्षांचा मान एका म्हाताऱ्या डोक्याच्या चार पांढऱ्या केसांनी नेला! वर कहर असा, की नव्या कंपनीनं एक निळं डिझेल इंजिन आणलं होतं. कोळसा नाही, राख नाही, बसायला गादी. ते पहिल्या नंबराला मिळणार होतं.

यादीपुढं सहादेवही उभा होता. बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. तो म्हणाला, "औटी, मनाला लावून घिऊ नका. नंबराचं काय एवढं? रूळ त्येच, ऊस त्योच."

हे बोलणं रंभाजीला शिवीपेक्षा जास्त लागलं. जिंकलेल्यानं नंबराचं काय एवढं म्हणावं, यासारखा उर्मटपणा त्याला दुसरा दिसला नाही.

मग सहादेव त्याच्या डोळ्यांत असा काही खुपायला लागला की विचारू नका. कंपनीचा माणूस सहादेवाला डिझेलचं शिक्षण द्यायचा, तेव्हा रंभाजी कोळशाच्या ढिगाआड उभा राहून बघायचा. सहादेव इंजिन फडक्यानं पुसतो ते त्याला ढोंग वाटायचं. तो उगाच शिट्टी वाजवत नाही, ती त्याला घमेंड वाटायची. तो चहा बशीत ओतून सावकाश प्यायचा, ती तर रंभाजीला उघड उघड चेष्टाच वाटायची. रिकाम्या वाघिणी जोडून चाचणी घेतली, त्या दिवशी ओढ्याच्या वळणावर रंभाजी मुद्दाम जाऊन बसला. मनातल्या मनात कानिफनाथाला म्हणाला, एक वाघीण उतरू दे, मढीला येऊन तुला रेवड्या वाहीन. वाघिणी सगळ्या वळणावरून सुतासारख्या गेल्या. सहादेवानं वर त्याला हात केला. रंभाजीनं मान फिरवली आणि ओढ्यात थुंकला.

घरी राहीबाई म्हणाली, "त्यो मानूस तुमचं काय खातोय वो?"

"माझं पयलं ताट खातोय," रंभाजी म्हणाला.

"लई झालं आता. येक नंबर खाली गेला म्हनून कुनी मरत न्हाई."

"तुला काय ठावं! तू कधी पयली हुतीस?"

राहीबाई त्याची दुसरी बायको होती. त्या दिवशी भाकरी तिनं करपवली, आणि मुद्दाम करपवली असं आपलं मत आहे.

यादीवर हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत होती. पाचव्या दिवशी रंभाजीच्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टरचा अंदाज तो अंदाजच. आपण जन्मलो पारनेर तालुक्यात. तिथं मामलेदार कचेरीत गावोगावच्या जन्माच्या वह्या असतात. सहादेवापेक्षा एक-दीड वर्षानं जरी आपण मोठे निघालो, तरी काम झालं. आणि आतून त्याला खात्री होती की आपण मोठे आहोत. केसांना काळं आपणच लावलं होतं ना!

नगरला एस.टी. बदलून तो पारनेरला गेला. दोन दिवस कचेरीच्या ओट्यावर बसून राहिला. तिथंही पहिला नंबर सोडला नाही. वह्या जुन्या, सगळ्या मोडी लिपीत. वाचायला आबासाहेब नावाचे एक निवृत्त कारकून यायचे. त्यांनी जाड भिंगातून पानं उलटत उलटत शेवटी बोट ठेवलं. "नऊ ऑक्टोबर एकोणीसशे चौदा. तुकाराम औटी यास मुलगा. तुम्हाला भाऊ होता का कुणी?"

"तीन भैनी. पोरगा मी येकटाच."

"मग हा तुम्हीच."

"आन् कारखान्यानं लिवलंय अठराचा जलम. म्हंजी किती मोटा झालो मी?"

"चार वर्षांनी."

रंभाजीला एवढा आनंद झाला की आबासाहेबांचे पाय धरले. एक-दीड वर्ष मागायला गेला होता, देवानं चार दिली. पक्क्या शिक्क्याची नक्कल घेऊन तो निघाला आणि नगरला उतरून त्यानं शेरभर पेढे घेतले. आपण चार वर्षांनी म्हातारे निघालो म्हणून पेढे वाटणारा माणूस नगर जिल्ह्यात त्याआधी झाला नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टाइम ऑफिसात गेला. टाइमकीपर राधाकृष्ण नगरचा, तिशीतला, कागदाला पक्का आणि मनानं बरा माणूस. रंभाजी आत शिरत होता तेव्हा सहादेव बाहेर पडत होता आणि टेबलावर चहाच्या दोन बश्या होत्या. त्या बश्या रंभाजीनं नीट बघून ठेवल्या.

राधाकृष्णानं नक्कल वाचली. पुन्हा वाचली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं आणि कागद घडी करून परत पुढं सरकवला. "रंभाजीदादा, हा कागद घरी न्या. मी बघितलाच नाही असं समजा. नवीन कंपनीत वयाचा—"

"का म्हनून घरी न्यावा?"

"ऐकून तर घ्या. तुमच्या भल्याचं सांगतोय. आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, वय जास्त—"

"पटाऱ्याचा चहा गोड हुता वाटतं?" रंभाजी म्हणाला.

राधाकृष्णाचा चेहरा पडला. "दादा, चहा मी पाजला त्यांना."

"कुनी का पाजंना. माझं भलं कशात हाय त्ये मला कळतं. शिक्का मारा, तारीख घाला आन् पोच द्या. मुदतीत आलोय मी."

एखादा दुसरा माणूस असता तर पुन्हा एकदा समजावलं असतं. पण चहाचं बोलणं राधाकृष्णाला लागलं होतं. त्यानं शिक्का मारला, तारीख घातली आणि पोच दिली. ती पोच रंभाजीनं कोपरीच्या खिशात वर पिन लावून ठेवली.

सात ऑक्टोबरला पक्की यादी लागली. एक, रंभाजी औटी. दोन, सहादेव पटारे.

ते दोन दिवस रंभाजीनं जगून घेतले. यादी त्यानं एकेकाला हाताला धरून दाखवली. वाचता येत होतं त्यांनाही मोठ्यानं वाचून दाखवली. मग शेडमध्ये गेला आणि सहादेवाला म्हणाला, "पटारे, उतरा खाली."

सहादेव निळ्या इंजिनातून उतरला. उतरताना त्यानं गादी फडक्यानं झटकली आणि म्हणाला, "बसा दादा." आजवर औटी म्हणायचा, यादी लागल्यापासून दादा म्हणायला लागला. रंभाजी गादीवर बसला. इंजिन बंदच होतं, तरी त्यानं शिट्टी वाजवून बघितली, चार वेळा.

नऊ तारखेला दुपारी राधाकृष्णानं त्याला बोलावून पत्र हातात दिलं आणि स्वतःच वाचून दाखवलं. आपण स्वतः दाखल केलेल्या जन्माच्या दाखल्यानुसार आज रोजी आपल्या वयास अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होत असल्यानं, कंपनीच्या नियमाप्रमाणे आपणास सेवेतून निवृत्त करण्यात येत आहे.

वरच्या कारखान्यात असला नियम कधी नव्हता. डोळ्यांना रूळ दिसेनासे होईपर्यंत माणूस गाडी चालवायचा. रंभाजीनं पत्र तीनदा वाचायला लावलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मग त्ये पयलंच वय ऱ्हाऊ द्या. बेचाळीसवालं."

"आता कसं राहील? सरकारी नक्कल आहे. शिक्का तुम्हीच मारून घेतलात."

"त्या वयानं मला किती हंगाम हुते?"

"चार," राधाकृष्ण म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, पण आता त्याच्या हातात काही नव्हतं.

गाव हसलं. हसायचंच. ज्यांना यादी हाताला धरून दाखवली होती ते सगळ्यात जास्त हसले. एकानं तर दारावरून जाताना विचारलं, "रंभाजी, पेढे उरल्यात का?" रंभाजीनं घराबाहेर पडणं सोडलं. न्हाव्यालाही घरी बोलवायला लागला.

दसऱ्यानंतर हंगाम सुरू झाला. रंभाजीचं घर रुळापासून हाकेच्या अंतरावर. त्या दिवशी सकाळपासून तो रुळाकडं पाठ करून खाटेवर बसला होता. ढोल वाजले. मग निळ्या इंजिनाचा आवाज आला. कोळशाच्या इंजिनासारखा धापा टाकणारा नव्हे, एकसारखा. पहिली गाडी दारावरून गेली. पाठ असूनही रंभाजीला सगळं दिसलं: केळीचे खुंट, माळा, आणि गादीवर बसलेलं ते पांढरं डोकं. त्याचा जीव नुसता जळत होता. नोकरी गेली याचं दुःख एक वेळ त्यानं गिळलं असतं. आपली गादी सहादेवाला मिळाली, हे घशाखाली उतरत नव्हतं.

दुपारी सहादेव स्वतःच घरी आला. डोक्यावर मॅनेजरनं बांधलेला फेटा, हातात नारळ. नारळ त्यानं रंभाजीपुढं ठेवला. "ह्यो तुमचा मान, दादा. यादीत पयलं नाव तुमचंच हाय."

रंभाजीनं नारळाकडं बघितलंही नाही. त्याला काहीतरी बोचरं बोलायचं होतं आणि त्याच्याजवळ बोचायला एकच गोष्ट उरली होती. "व्हय, हाय पयलं. तीन वर्सांनी मोटा हाय मी तुज्यापेक्षा, सरकारी कागदावर. थोरल्याच्या घरी आल्यावर धाकट्यानं काय करायचं असतंय, ठावं हाय का न्हाई?"

सहादेवानं फेटा काढून बाजूला ठेवला आणि वाकून रंभाजीच्या पायाला हात लावला.

राहीबाईलाच कसंसं झालं. "अगं बया! भावजी, तुमी कशाला वाकताय? ह्यांना काय, दिस उगवला की कायतरी पायजेच."

"वाकाया काय जातंय, वयनी," सहादेव हसत खाली घोंगडीवर बसला. "खरं सांगू? मानमोडीची साथ आल्ती ना, त्यात माजा बाप गेला. त्याच्या तिरडीपुढं मडकं धरून मी चाललो हुतो. सात वर्सांचा हुतो. आय सांगायची, सातवं सरलं आन् बाप गेला."

राहीबाईला साल कळलं नाही. रंभाजीला कळलं. मानमोडी अठरा साली आली, हे त्या भागात कुणालाही विचारा. अठरातून सात गेले. अकरा. हा माणूस आपल्यापेक्षाही तीन वर्षांनी मोठा!

"मग बोलला का न्हाईस?" रंभाजी ओरडला.

"कुनी इचारलं न्हाई. डाक्टरनं लिवलं, मी गप ऱ्हायलो. तुमाला नंबर पायजे हुता, दादा. मला तीन हंगाम पायजे हुते." तो उठला. "आपल्या तिगांतच ऱ्हाऊ द्या ह्ये. इश्वासानं बोललो."

तो गेला आणि रंभाजीच्या अंगात एकदम बळ आलं, महिन्याभरात आलं नव्हतं इतकं. एकसष्ट वर्षांचा माणूस निळ्या इंजिनात! एक शब्द टाकला की हापिस सहादेवाच्या जन्मगावच्या वहीतून नक्कल मागवील, आणि नक्कल आली की त्याच दिवशी गादी खाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं धुतलेलं धोतर काढलं. राहीबाई दारात आडवी उभी राहिली. "इश्वासानं बोलला त्यो. न्हाई जायचं तुमी."

"सर बाजूला."

टाइम ऑफिस नुकतंच उघडलं होतं. राधाकृष्णानं त्याला खुर्ची दिली. रंभाजी बसला नाही. फळ्यावर यादी तशीच होती. त्याच्या नावापुढं लाल शाईनं 'सेवानिवृत्त' एवढं वाढलं होतं. त्यानं यादीवर बोट ठेवलं.

"येक इचारतो. समजा, हितल्या येखाद्याचं वय लिवल्यापेक्षा लई जास्त निगालं, तर काय करनार तुमी?"

राधाकृष्णानं मान वर केली. "अठ्ठावन्न उलटली असतील तर घरी पाठवणार."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

सहादेवाचं नाव रंभाजीच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"आणि यादी दुरुस्त करावी लागेल," राधाकृष्ण म्हणाला. "ही सात तारखेची यादी आहे, तेव्हा दोघंही— म्हणजे जे कुणी असतील ते— नोकरीत होते. वय जास्त निघालं तर त्याचं नाव वर जाईल."

"वर म्हंजी?"

"तारीख एकच असेल तर वयानं मोठा तो वर. तोच नियम. ज्यानं तुम्ही वर गेलात."

रंभाजीचं बोट यादीवरच होतं. पहिल्या ओळीवरून ते दुसऱ्या ओळीवर उतरलं आणि परत वर आलं. बाहेर शेडमधून डिझेलचा आवाज येत होता. पहिल्या पाळीची गाडी निघायच्या बेतात होती. राधाकृष्ण वाट बघत होता.

"दादा, कुणाचं वय म्हणताय?"

"कुनाचं न्हाई," रंभाजी म्हणाला. "यादी बघाया आल्तो."